अप्पांचं कानाचं मशीन

मांजरसुंब्याचा गुरुलिंग दुकानाचा माल भरायला बीडला गेला, की सोल्डरची तार नाहीतर बारीक स्क्रूड्रायव्हर पिशवीच्या तळाशी दडवून आणायचा. पंचेचाळिशी ओलांडल्यावर तो मोबाईलवर व्हिडिओ बघून इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, तेही दुकानामागच्या खोलीत दार लोटून. त्याच्या बायकोला, जगदेवीला, तो नवा नाद वाटे.

खरं कारण सांगायची त्याला लाज वाटायची. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, कानाचं मशीन बिघडलं, तेव्हा त्यानं फुशारकीनं ते उघडलं आणि आतली तारच तोडून ठेवली. अप्पांना मात्र खुणा करून सांगितलं, की कंपनीचा माणूस दुरुस्त होणार नाही म्हणतोय. नवं घ्यायचं तर जुनं दाखवावं लागलं असतं. म्हणून तेही टाळलं. अप्पा मरेपर्यंत ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहिले.

त्यांना माती देऊन वर्ष होत आलं, आणि एका दुपारी तुटलेल्या तारेचा सांधा अखेर बसला. मशीन बारीक शिट्टी वाजवून जागं झालं. गुरुलिंगनं ते कानात घातलं.

हायवेवरचे ट्रक ऐकू आले. पोत्यांमागची उंदराची खुडबुड आली. मग अप्पा कपाळाला लावायचे तसल्या ओल्या विभूतीचा वास आला, आणि कानाच्या अगदी आत कुणीतरी संथ श्वास घेतला.

"गुरू... ऐकू यायलंय का तुला?"

"व्हय, अप्पा."

"मग मला कावून ऐकू येऊ दिलं न्हाईस...?"

"म्याच तोडली तार, अप्पा. सांगायची लाज वाटली."

पलीकडून नुसता श्वास. त्यानं मशीन उपसून काढलं.

तर सगळेच आवाज थांबले. खिडकीबाहेर ट्रक धूळ उडवत गेला, आवाज नाही. दारात जगदेवी उभी होती. तिचे ओठ हलत होते. तो काहीतरी बोलला, पण स्वतःचे शब्दही त्याला ऐकू आले नाहीत. त्यानं मशीन पुन्हा कानात बसवलं.

"...कवाच्यान बोलायले मी," जगदेवी म्हणत होती. चौकट सोडून ती आत यायला तयार नव्हती. "एवढं मोठ्यानं कावून बोलताय? आन्... मला सूनबाई कावून म्हणताय?"