समोरच्या हातमोज्यातले हात

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीबरोबर घडलंय. ताई भुताखेतांना हसणारी. भूत दिसलंच तर आधी त्याचं वजन करेल अशी.

रविवार होता. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन. प्रयोगशाळेत ती एकटी.

ताई इथेनॉलवर चालणाऱ्या सेलवर काम करते. इथेनॉल घातलं की वीज मिळते. पण आतल्या प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड चिकटून बसतो आणि दहा मिनिटांत वीज घसरते. म्हणून प्लॅटिनममध्ये कथील मिसळून मिश्रधातू करायचा. दोन वर्षं ती तेच करत होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पडद्यावर विजेची रेघ तासभर सरळ दाखवली नाही, तर नोकरी जाणार होती.

त्या मिश्रधातूची ताजी पूड हवा लागली की पेट घेते. म्हणून ती काचेच्या बंद पेटीत हाताळतात. पेटीच्या काचेत समोरासमोर लांब रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या बसवलेल्या, बाहेरून हात घालून आत काम करायला. नियम एकच. एकट्यानं हात घालायचे नाहीत. समोर दुसरा माणूस हवा आणि रजिस्टरमध्ये दोघांची नावं हवीत.

नियम सगळे कागदावरच पाळत.

तीन महिन्यांपूर्वी ताईनंही तेच केलं होतं. रविवारची सही शनिवारीच ठोकली आणि रविवारी घरी ताणून दिली. तिचे ज्येष्ठ सहकारी त्या दिवशी एकटेच पेटीशी बसले. त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत, कारण ते मीठसुद्धा तोलून खातील असे होते. त्यांच्या छातीत कळ आली. वॉचमनला ते संध्याकाळी सापडले. हात अजून हातमोज्यांतच होते.

ताईनं गुपचूप आपली सही खोडली.

आता तेच रजिस्टर तिच्यापुढे होतं. दुसऱ्या माणसाच्या रकान्यात काय लिहायचं? सवयीनं हात चालला...

काटेसाहेबांचं नाव लिहून मोकळा झाला.

"राहू दे," ती स्वतःशीच म्हणाली आणि पेटीशी बसली.

चमच्यात पूड घेतली. पेटीचा पंप घरघरत होता. मग...

घरघर थांबली.

समोरचे हातमोजे रिकामे लोंबत होते. त्यांतला डावा हळूहळू भरू लागला... एकेक बोट. मग उजवा.

काचेपलीकडे खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं.

त्या हातांनी तिच्याकडून चमचा काढून घेतला. वजनकाट्यावर पूड टाकली. थोडी काढली. पुन्हा चिमूटभर टाकली. चमच्याच्या दांड्यावर दोन टिचक्या, काटेसाहेब मारायचे तशाच.

टिक्... टिक्.

ताईनं हात मागे ओढले.

निघेनात.

रबरी बोटांनी तिची मनगटं धरली होती. आवळत नव्हती. सोडतही नव्हती.

"सर, माझं चुकलं. मी यायला हवं होतं. आता जाऊ द्या मला."

पकड तशीच राहिली.

खिशात फोन वाजत होता. मीच लावत होते. तिला घेता येईना. ती ओरडली, रडली, मग गप्प झाली. तीन वाजले. चार. पाच. त्या दिवशी काटेसाहेबांनी किती हाका मारल्या असतील, हे तिला तिथं कळलं.

सहाला दार वाजलं.

"मॅडम, एकट्याच?" वॉचमननं विचारलं.

समोरचे हातमोजे रिकामे लोंबत होते. पूड मात्र तोलून तयार होती.

तिनं ती सेलमध्ये घातली. एक तास रेघ सरळ. दोन तास सरळ. सकाळपर्यंत सरळ.

विभागप्रमुख खूश. "नोकरी पक्की समज. फक्त हेच पुन्हा करून दाखव. एकदाच जमतं त्याला विज्ञान नाही म्हणत."

तिनं चार वेळा केलं. दर वेळी समोर जिवंत माणूस बसवून. दर वेळी दहा मिनिटांत रेघ खाली.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

काल तिचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"त्या रविवारचं रजिस्टर बघितलं गं. पेटीतून हात काढल्याची वेळ... माझ्यापुढे सहा लिहिलंय. त्यांच्यापुढे कोरं आहे. उद्या परत जातेय."

"अगं, वेड लागलंय का? नोकरी गेली तर गेली. जाऊ नकोस."



"मागच्या वेळी मी गेले नव्हते," ती म्हणाली.

आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. मघापासून तिला फोन लावतेय. फोन वाजतोय...

ती उचलत नाहीये.