बत्तीस उशांचं गाव

कार्यक्रमपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला लिहिलं होतं : ‘सामुदायिक वामकुक्षी. सादरकर्ती : कु. शलाका निकम, इयत्ता नववी.’

पहिल्या क्रमांकाला दीपप्रज्वलन, दुसऱ्याला मसालेभात. मसालेभात असला झकास झाला होता, की तिसऱ्या क्रमांकाला नाही म्हणायची ताकदच कुणात उरली नव्हती! नव्या तळखांबच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे एकतीस सभासद सतरंज्यांवर आडवे झाले. प्रत्येकाच्या डोक्याखाली एकेक स्वप्नउशी.

स्वप्नउशा आता घरोघरी होत्या. झोपलेल्या मेंदूतले मंद विद्युतप्रवाह ओळखायचे आणि त्यांना हलकेच वळण देऊन स्वप्न पाडायचं, एवढंच त्यांचं काम. पण कंपनीची स्वप्नं तयार यायची. बर्फाचे डोंगर, निळा समुद्र, सगळ्यांना तीच. मधूनच साबणाची जाहिरात.

“मला आपलं जुनं गाव बघायचंय गं, धरणात बुडालं ते,” हौसामावशी म्हणाल्या. त्या एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. “पन्नास वर्सं झाली. आन् ही उशी मला रोज बर्फात नेऊन सोडती. तुझी झुळूक काय येगळं करनार?”

‘झुळूक’ म्हणजे उशी चालवणारी मुक्त कार्यप्रणाली. फुकट, आणि कुणालाही आतून उघडून बघता येणारी, बदलता येणारी. बनवणारी काद्री राहायची एस्टोनियात, आणि अख्ख्या जगात वापरणारे होते दोनशे तेरा! शलाकाने पूर्ण सुट्टी घालवून तिचं मराठी रूप केलं होतं. आज हा आकडा हलला नाही, तर झुळुकीचं काम थांबवणार असं काद्रीने कळवलं होतं.

“मावशी, कंपनी तुम्हाला तयार थालीपीठ देते. झुळूक भाजणीचं प्रमाणच हातात देते. धान्य तुमच्या घरातलं.”

“आन् करपलं तर?”

“तर तुमचं स्वतःचं करपलेलं!”

“हसणं नंतर,” संघाचे अध्यक्ष यादव गुरुजी म्हणाले. “वेळ दोन ते पावणेतीन.” आणि ते चष्म्यासकट आडवे झाले.

बत्तिसावी उशी शलाकाची. इतक्या उशा एकेक करून तयार करायला दोन दिवस गेले असते. म्हणून तिने झुळूक घालून एक नीट तयार केली आणि तिचीच नक्कल बाकीच्या एकतीस उशांत उतरवली. दहा मिनिटांत काम फत्ते!

तिने डोळे मिटले, आणि ती एका पारावर बसलेली होती.

तिने जन्मात फक्त धरणाचं पाणी पाहिलं होतं. तरी तिला माहीत होतं की हा पिंपळ जुन्या तळखांबचा. भोवतीचं गाव मात्र अजून उगवत होतं. कुणी आपला उंबरा घेऊन आलं, कुणी गिरणीची टुकटुक, कुणी नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास. घरं आधी हवेत तरंगली, मग एकमेकांना ओळखून शेजारी शेजारी बसली. ओढ्याने गावाचे दोन तुकडे केले होते. तेवढ्यात गुरुजी आले, पंचवीस वर्षांचे, बिनचष्म्याचे, आणि त्यांच्या पावलांखाली दगडी पूल तयार होत गेला. हौसामावशी परकर सावरत त्या पुलावरून पळाल्या. पलीकडे त्यांची आई उभी होती.

पुलाच्या मध्यावर गुरुजींच्या हातात एक कागद होता. धरणाला हरकत नोंदवायची शेवटची तारीख त्यावर होती. गावात वाचता येणारे ते एकटेच. त्यांनी गावाकडे पाहिलं, मग दूर शहराच्या रस्त्याकडे. आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

पावणेतीनला सगळे उठून बसले. कुणी कुणाकडे बघेना.

शलाकाला चूक कळली, तेव्हा तिचे कान तापले. नक्कल करताना ओळखक्रमांकही सगळीकडे तोच उतरला होता. उशांना वाटलं, बत्तीस डोकी म्हणजे झोपलेला एकच माणूस. तिने काद्रीला कळवलं. उत्तर लगेच आलं : ‘फार गंभीर चूक. आजच दुरुस्त कर.’

पण बातमी पसरली, आणि संध्याकाळपर्यंत धरणामुळे उठलेल्या आणखी सतरा गावांचे फोन आले. आम्हालाही झुळूक हवी, अगदी अशीच हवी! दोनशे तेराचे हजारो होणार होते.

गुरुजींनी तिला बाजूला घेतलं. “खरं आहे ते, शलाका. मला शहर हवं होतं. पण माझं डोकं मला परत दे.”

दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींची उशी वेगळी केली, आणि दुपारी बाकीचे पुन्हा एकत्र झोपले. पार आला, गिरणी आली, पूल आला नाही. हौसामावशी ओढ्याच्या अलीकडून पावणेतीनपर्यंत आईला हाका मारत राहिल्या.

जाग आल्यावर त्या तडक व्हरांड्यात गेल्या. गुरुजी तिथे खुर्चीत बसले होते.

“गुरुजी, उद्या पूल घेऊन या.”

“हौसा, तू पाहिलंस ना सगळं?”

“पाहिलं. राग तर असा आलाय, तुमास्नी ओढ्यात ढकलावंसं वाटतंय. पर त्याचं जागेपनी बघू. कागद ठिवा खिशात. पूल तेवढा आना.”

गुरुजी मावशींच्या मागोमाग आलेल्या शलाकाकडे वळले. “पूल दिसेल आणि खिसा दिसणार नाही, असं करता येईल तुला?”

तिने काद्रीला विचारलं. काद्रीने लिहिलं : ‘असं अजून कुणी केलेलं नाही. पण सगळं उघडंच आहे. करून बघ.’

शलाकाने झुळूक आतून उघडली. कुणी काय दाखवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, अशी एक नवी ओळ लिहायला घेतली, आणि अर्ध्यातच तिची बोटं थांबली. पूल तर तो कागद घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पावलांखालीच तयार होत होता. त्याने कागद लपवून पाऊल टाकलं, तर दगड उमटतील का?