सतरा नंबरचा भाऊ

तो बर्फाकडे पाठ करून उभा होता.

तीनशे माणसं काचेपलीकडे डोळे लावून बसलेली, आणि हा एकटाच वरच्या रांगेत, हॉट चॉकलेटचा कप दोन्ही हातांत धरून भिंतीवरची आगीची सूचना वाचत होता. खाली कोणीतरी बर्फाभोवतीच्या फळीवर धाडकन आपटलं. तो पुटपुटला, "अरे देवा!"

मिशिगनमधल्या त्या आडबाजूच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये मराठी! मी थबकलेच.

"कोणाला लागलं?" त्यानं न वळता, इंग्रजीत विचारलं.

"कोणाला नाही. उठला तो," मी मराठीत म्हणाले.

त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. डोळे खोल, घाबरलेले... आणि उगाच छान.

"सतरा नंबर तर नव्हता ना?"

"सतरा नंबर बेंचवर बसून पाणी पितोय."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, की चॉकलेटवरची वाफ माझ्या चष्म्यावर आली. "सॉरी. धाकटा भाऊ आहे माझा, कुश. चौदा वर्षांचा असताना कोणाच्या तरी स्केटचं पातं त्याच्या गळ्याला लागलं. माझ्यासमोर. तेव्हापासून मला बघवत नाही आणि घरी बसवत नाही. आईची हॉस्पिटलात शनिवारी ड्यूटी, बाबा नोकरीसाठी लांब जॉर्जियात, अल्फारेटाला. आणणार कोण?"

"मग इथे उभं राहून करता काय?"

"ऐकतो. तुम्ही सांगाल का, काय चाललंय ते? नाव काय तुमचं?"

"सुनेत्रा."

"घ्या! मग बघायचं काम तुमच्याकडेच," तो हसला. "मी सत्यजित."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की मी कुशलाच बघायला आलेय.

ॲन आर्बरच्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करता करता मी एका व्यावसायिक हॉकी टीमसाठी स्काउटिंग करत होते. सतरा-अठरा वर्षांची मुलं बघायची, रिपोर्ट पाठवायचे. जूनमध्ये ड्राफ्ट होतो. प्रत्येक टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडते. त्या वर्षीच्या माझ्या वहीत पहिलंच नाव होतं— कुश राजवाडे. घरच्यांना आम्ही ओळख देत नाही, असा नियम मी स्वतःला सांगितला. खरं कारण वेगळं होतं. त्यानं पुढच्या शनिवारीही विचारावं, असं मला वाटत होतं.

त्यानं विचारलं. दर शनिवारी दुपारी विचारलं.

"आता कुठे आहे?"

"डाव्या कोपऱ्यात. दोघांना चुकवलं... पास दिला..."

"हळू सांग ना यार, हार्ट अटॅक येईल!"

"हळू सांगितलं तर खेळ पुढे जाईल."

"जाऊ दे. तू तर इथेच आहेस ना?"

असं काही बोलून तो स्वतःच लाल व्हायचा. गर्दी ओरडली की माझ्या कोटाची बाही घट्ट पकडायचा, मग सॉरी म्हणून सोडायचा... जरा उशिरानं. त्याच्या आईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही एकाच डब्यातून खायचो. तो डब्यावर वाकला की मी वही मिटायचे. दर वेळी वाटायचं, आज कळेल. आज नक्की कळेल.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मात्र भीती वेगळीच होती.

कुशला डावीकडून आलेले दोन सोपे पास दिसलेच नाहीत. तो दिव्यांकडे बघून डोळे बारीक करत होता. तीनपैकी दुसऱ्या पीरियडच्या शेवटी तो चक्क समोरच्या टीमच्या बेंचकडे गेला. लोक हसले. कॉलेजात माझ्याबरोबर आइस हॉकी खेळणारी दीपा अशीच चुकीच्या बेंचच्या दाराशी गेली होती. डोक्याला पुढची धडक बसली, आणि ती आठ महिने अंधाऱ्या खोलीत पडून होती.

"गप्प का झालीस? सुनेत्रा, बोल ना... काय झालं?"

"कुशच्या डोक्याला मार लागलाय. आज नाही, आधीच. तो लपवतोय."

"तुला एवढं कसं कळतं?"

मी वही उघडून त्याच्या हातात दिली. वर माझ्या टीमचं नाव, आत ऑक्टोबरपासूनच्या तारखा, प्रत्येक पानावर त्याच्या भावाचं नाव. तो वाचत गेला. चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तू माझ्यासाठी बघत नव्हतीस."

"सत्यजित—"

"चार महिन्यांवर ड्राफ्ट आहे. तू हे लिहिलंस तर त्याचं काय होईल, माहितीये?"

"माहितीये. तरी लिहिणार आहे. माझ्यावर नंतर रागव, पण आधी त्याला उतरव. प्लीज! पुढचा पीरियड सुरू व्हायला आठ मिनिटं आहेत."

त्यानं वही बाकावर टाकली आणि पायऱ्या उतरत धावला. वरून मला आवाज येत नव्हता. कोच मान हलवत होता. सत्यजितनं बर्फावर जायचं दार अडवून धरलं होतं. कुशनं स्टिक जमिनीवर आपटली आणि किंचाळला, "यू आर रुइनिंग माय लाइफ!" तेवढं मात्र अख्ख्या रिंकनं ऐकलं. मी खाली पोचले तेव्हा टीमचा ट्रेनर त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून वार विचारत होता.

"संडे," कुश म्हणाला.

मग कोणीच वाद घातला नाही.

मी रिपोर्ट खरा लिहिला. डोक्याला दुखापत, सीझन संपला. खाली हेही लिहिलं, की खेळ एवढ्या लवकर ओळखणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही, बरा झाला की पुन्हा बघावा. सत्यजितला मेसेज केले. उत्तर नाही. चार शनिवार मी दुसऱ्याच रिंकमध्ये दुसरीच मुलं बघत होते आणि फोन वाजला की दचकत होते... त्याचा असेल म्हणून, आणि त्यात काय असेल म्हणून.

मार्चअखेरीस, भर दुपारी, तो आमच्या डिपार्टमेंटच्या दाराशी उभा होता. दाढी वाढलेली.

"कुश बरा आहे," तो आधी तेच म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी अजून एक धडक बसली असती तर..."

"माझ्याशी बोलायला घाबरत होतास?"

"रागावलो होतो. मग राग गेला, आणि नुसती भीती राहिली. इतके दिवस उत्तर दिलं नाही, आता ही कशाला थांबेल..." त्यानं बाही नाही, माझा हात धरला. "मला तू हवी आहेस, सुनेत्रा. मला फार भीती वाटतेय, पण सांगतोय."

"मलाही वाटतेय," मी म्हणाले. "सोडू नकोस."

जूनमध्ये ड्राफ्टच्या दिवशी राजवाड्यांच्या सोफ्यावर आम्ही तिघं होतो. एकामागून एक नावं येत होती. कुश पडद्यावरून नजर काढत नव्हता. शेवटची, सातवी फेरी संपली. त्याचं नाव आलं नाही.

या घरात मला पुन्हा पाऊल टाकता येईल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"नेक्स्ट इयर," कुश अखेर म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू येशील ना बघायला?"

"बघायला येईन. लिहायला दुसरं कोणीतरी येईल. मी तुझी फाइल सोडली."

"व्हाय?"

मी सत्यजितकडे पाहिलं. सत्यजितचे कान लाल झाले. कुशनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

"म्हणजे ही... वहिनी?"

"अजून विचारलं नाही रे मी," सत्यजित कसाबसा म्हणाला.

"मग विचार ना, यार. मी पिझ्झा आणतो."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि सत्यजितनं घाबरत घाबरत विचारलं.