एका नावावर एकच मोबाईल

नवघरच्या अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी वायफायने मला दारातच अडवलं. इथे सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नाही. प्रत्येक सभासदाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, दोन्ही जुळले तरच आत. माझं नाव अजून चढायचं होतं.

"माझं टाक," शेजारच्या खुर्चीतून धम्मपाल म्हणाला आणि पासवर्डसुद्धा सांगून मोकळा.

"मग तू काय करणार?"

"मी... पुस्तक वाचणार. अभ्यासिकाच आहे ना ही?"

हसताना त्याचा चष्मा नाकावर घसरतो. मी बघत राहिले, खोटं कशाला बोलू. पुढे कमिटीने माझं नाव चढवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. जीव जडला होता, पण बोललं कोणीच नाही.

आज दुपारी माझा व्हिडिओ मध्येच थांबला. 'या नावाने दुसरा मोबाईल जोडला आहे.' नियमच आहे, एका नावावर एकच मोबाईल. दुसरा आत आला की पहिला बाहेर.

दुसरा? मान वर केली, तर खिडकीपाशी धम्मपाल आणि पलीकडच्या रांगेत बसणारी रुचिता, एका मोबाईलवर दोन डोकी. ती खिदळतेय, हा चष्मा सावरतोय. अस्सं... म्हणजे तिलाही दिलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पासवर्ड काय प्रसाद आहे, येईल त्याच्या हातावर ठेवायला?

मी पुन्हा आत शिरले आणि त्याचा पासवर्डच बदलून टाकला. रागाच्या भरात मनात आलं तेच टाईप केलं. बस म्हटलं आता बोंबलत.

थोड्याच वेळात तो घामाघूम होऊन समोर उभा. "पंचशीला, पासवर्ड तू बदललास?"

"हो. रुचिताला सांग, दुसऱ्या कोणाकडून घे."

"रुचिताला? अगं, मोबाईल माझा आहे. डेटा संपलाय. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, आज शेवटचा दिवस. ती फक्त फोटो लहान करून देत होती. तुला सांगायचं घाईत राहिलं... माझं नाव मी कोणाला दिलेलं नाही. तुझ्याशिवाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मान मोडून अभ्यास केलाय त्याने.

"दे, मी टाकते."

"दोनदा चुकलाय. आता चुकला तर नाव उद्यापर्यंत बंद. घाई नको. तू सांग, मी टाकतो."

रुचिताचे कान इकडेच.

"धम्मपाल..." मी पुटपुटले. "फक्त..."

"पुढे?"

"माझा. सगळं जोडून."

त्याचं बोट क्षणभर थांबलं. मग त्याने टाईप केलं. तो आत गेला, माझा मोबाईल बाहेर पडला, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

फॉर्म गेल्यावर मी खाली मान घालून म्हटलं, "बदलून टाक तो पासवर्ड."

"कशाला?" त्याचे कान लाल झाले होते. "बरोबर आहे तो."