सरकत्या जिन्याला चारपर्यंत मुदत

रावेतच्या त्या मॉलमध्ये लोक नऊ वर्षं फक्त एसीची हवा खायला आले. मग एसी बंद पडला, पाठोपाठ मॉल. आता तिथे मुलींना मशीन दुरुस्ती शिकवतात. बुटांच्या दुकानात वेल्डिंग, साड्यांच्या दालनात लेथ. उरला होता वर जाणारा एक सरकता जिना.

तो कापून न्यायला समर्थ गॅस कटर घेऊन आला, आणि जिन्याच्या पोटातून एक डोकं वर आलं.

"कोण तुम्ही?"

"भंगारवाला. तुम्ही?"

"इथली शिक्षिका. स्वरूपा. जिना मिळणार नाही."

केंद्रप्रमुख कुसुमताईंचा निवाडा सकाळीच झाला होता : चारपर्यंत चालला तर पोरी त्यावर शिकतील, नाहीतर भंगार.

"तीन वर्षं बंद आहे हो..."

"तुमचा चहा व्हायचा असेल ना? जा, घेऊन या."

समर्थ गेला नाही. पायरीवर बसून पाने देत राहिला – न मागता, नेमक्या नंबरचे. तिच्या गालावर ग्रीस लागलं होतं. तिनं वर पाहिलं की तो घाईनं भिंतीवरची पाटी वाचायचा : 'लहान मुलांचा हात धरावा.'

साडेतीनला तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पायरीचं चाक फुटलंय. आता कुठून..."

तो टेम्पोतून एक चाक घेऊन आला. गेल्या महिन्यात तोडलेल्या मॉलमधलं.

"उपकार नकोत."

"उपकार कसला? भंगार आहे."

चारला पाच कमी असताना जिना कण्हला, थरथरला... आणि पायऱ्या वर निघाल्या. पोरींनी शिट्ट्या मारल्या. "मी केलाय," स्वरूपा म्हणाली. ओरडून नाही, घड्याळात किती वाजले ते सांगावं तशी.

समर्थ खालीच उभा.

"चढा की!"

"कधी चढलो नाही..."

"भंगारवाले ना तुम्ही?"

"एकवीस जिने तोडले. सगळे मेलेलेच भेटले. चालता हा पहिला."

तिनं हात पुसून पुढे केला.

"पाटीवर 'लहान मुलांचा' लिहिलंय," तो म्हणाला.

"मग तुम्ही लहान व्हायची वाट बघू?"

वर पोचल्यावर हात सोडायचं राहून गेलं. खाली यायला साधाच जिना होता. ती दोघं त्या संध्याकाळी तो सात वेळा उतरली.

टेम्पो रिकामा गेला.