मास्तर – तीनशे मीटर

विश्वास ठेवाच असं मी म्हणणार नाही. पण गाडी मी चालवत होतो आणि ताई शेजारी बसली होती. जे झालं ते आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झालं.

रात्री नाही. भर दुपारी, रेल्वे फाटकापाशी.

ताई नर्स आहे. घरोघरी जाऊन पेशंटचं ड्रेसिंग करते. तिला गाडी येत नाही, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी मी नेतो. त्या दिवशी नवीन पेशंट होता, शहराबाहेरचा. फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं.

"पत्ता नीट टाक ना गं. मघापासून भलतीकडेच फिरवतंय."

तिने मॅपमध्ये 'मा' टाइप केलं.

आणि बोट तिथेच थांबलं...

सगळ्यात वर नाव होतं, 'मास्तर'.

मास्तर म्हणजे तिचे जुने पेशंट. म्हातारे शिंपी. त्यांचं घर तिने त्याच नावाने सेव्ह केलं होतं. आठवड्यापूर्वी ते झोपेतच गेले. ताई रडली नाही. जेवली, डबा घासला, कामावर गेली.

"काढून टाक ते," मी म्हणालो.

"कालच काढलंय."

नावापुढे अंतर दिसत होतं. तीनशे मीटर.

मास्तरांचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. इथे तर नुसतं माळरान.

दोनशे ऐंशी...

"आपण उभेच आहोत ना?" ताईने विचारलं. बातम्या वाचल्यासारखा आवाज.

"इंजिन बंद आहे."

दोनशे चाळीस...

मी आरशात पाहिलं. मागचा रस्ता रिकामा. पाखरांची किलबिलही थांबलेली.

मग ऐकू आलं...

टक... टक...

काठीचा आवाज. मध्येच दम खायला थांबणारा.

"मास्तरांना दोन वर्षं पलंगावरून उतरता येत नव्हतं," ताई म्हणाली. मला नाही, समोरच्या काचेला.

शंभर... चाळीस... दहा...

आवाज मागच्या दाराशी येऊन थांबला.

दार उघडलं नाही. पण गाडी मागून किंचित दबली.

तेवढ्यात फाटक उघडलं. मी घाईघाईने चावी फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

सीटबेल्टचा अलार्म. मागे कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतो, तोच.

मागे कुणीच नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

ताई उतरली. मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि खटकन लावला.

अलार्म थांबला.

"पेशंटला उशीर होईल म्हणून कळवते," पुढे येऊन बसत ती म्हणाली. "आधी यांना घरी सोडू."

मी गाडी वळवली.

मास्तरांच्या घराला कुलूप होतं. ताईने उतरून मागचं दार उघडलं, बेल्ट सोडला आणि ती दार धरून उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाला उतरायला जितका वेळ लागतो, तितका वेळ.

"सावकाश," एवढंच म्हणाली.

गाडी मागून हलकी झाली. मला ते सीटवर बसल्या बसल्या जाणवलं.

ते नाव पुन्हा कधी सर्चमध्ये आलं नाही. मी विषय काढला की ताई म्हणते, "पोचले ना ते? झालं तर मग."

माझं मात्र तेवढ्याने भागत नाही. मास्तर गेले ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात.

मग त्या माळरानावरून... ते कुठून चालत येत होते?