अडीच हजार वर्षांची पाहुणी

"सोमवारी हाकलणार मला, ताई!" खुर्चीत टेकायच्या आधीच मानसीनं सांगून टाकलं.

मुलुंडच्या गुप्तहेर वनमालाबाईंनी पाणी पुढे केलं. मानसी जुन्या हाडांतला डीएनए वाचणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दातात चक्क आजच्या माणसाचा डीएनए निघाला होता, आणि तो मानसीशी जुळत होता.

"मग लावला असशील हात," मदतनीस नंदू म्हणाला. हा गृहस्थ आधी बोलतो, मग विचार करतो.

"आईशप्पथ, दाताची डबी उघडलीसुद्धा नाही रे!"

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. चंद्रप्रकाश ठाम होते. "वाचता आला तो अंश आईकडून मुलांना जसाच्या तसा येतो. तो मानसीशी जुळला, विषय संपला. दातावर पिवळा डागही होता, मातीचा असेल."

"दात थेट इथेच आला?" बाईंनी विचारलं.

"रविवारी लॅब बंद. मीच म्हटलं, मानसीकडे ठेवा."

दात आणणारा उत्खननवाला अनय म्हणाला, "मानसीनं डबी कपाटात ठेवली. मावशींनी, म्हणजे तिच्या आईनं, चहा दिला, विचारलं कुणाचा दात. म्हटलं, एका बाईचा."

मानसीच्या घरी सगळं बोलणं तिची आई नलिनीच करत होती. बोलता बोलता पदराचं टोक जिभेला लावून तिनं लेकीच्या गालावरचा शाईचा डाग पुसला. निघताना वनमालाबाईंना हळद-कुंकू लावलं.

बाई जिन्यातच थांबल्या. "नंदू, सगळ्यांना लॅबमध्ये बोलव."

"डॉक्टर, तो अंश मानसीचा, तसाच तिच्या आईचाही," लॅबमध्ये सगळे जमल्यावर बाई म्हणाल्या. "पिवळा डाग हळदीचा. आणि नलिनीताई, दातावरची धूळ तुम्ही जिभेला लावलेल्या पदरानं पुसलीत ना?"

नंदूनं कपाळावर हात मारला. नलिनीचे डोळे भरले.

"मानसी न्हाणीत होती. बायलमाणूस घराक इला, हळद-कुंकवाशिवाय धाडू कसा? तिच्याच जीवार माझा चेडू, ही मानसी, पोट भरता. उपकार नकोत मानूक?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"घरी ठेवायला मीच सांगितलं. चूक माझी. मानसी, माफ कर गं. तू कुठेही जायचं नाहीस. वनमालाबाई, फार मोठ्या पापातून वाचवलंत."

"त्याच जबड्यातला दुसरा दात आहे," अनय म्हणाला. "सीलबंद. थेट इथेच आणतो."

नलिनीनं हात जोडले. "इलो की सांगा. हात लावूचंय नाय. भायरसूनच नमस्कार करीन."

"या," डॉक्टर म्हणाले, "मीही उभा राहीन तुमच्याबरोबर."